वाचकांचे प्रश्न: सीरिया लेबनॉनमध्ये घुसला तो नेमका कोणासाठी?

गेल्या अंकात लेबनॉनचं गृहयुद्ध कसं पेटलं ते लिहिलं होतं, १३ एप्रिल १९७५ ला बैरुतच्या ऐन अल-रुम्मानेह भागात पॅलेस्टिनी लोकांच्या बसवर गोळीबार झाला तिथपासून. शेवटी घाईघाईत एक वाक्य टाकलं होतं की "पुढच्या वर्षी सीरियाचं सैन्य ख्रिश्चनांच्या मदतीला आत आलं", आणि यावेळची बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आलीत. म्हणून आज बाकीचे विषय बाजूला, फक्त सीरिया.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): सीरिया म्हणजे कट्टर अरब राष्ट्रवादी देश, पॅलेस्टिनींचा कैवारी. मग लेबनॉनमध्ये मुस्लिम, डावे आणि पॅलेस्टिनी एका बाजूला असताना त्याने मॅरोनाइट ख्रिश्चनांच्या बाजूने रणगाडे कसे काय घातले? छपाईची चूक तर नाही ना?

छपाई बरोबर आहे हो. तेव्हाच्या अरब जगालाही हाच धक्का बसला होता, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

जरा मागे जाऊ. लेबनॉन केवढा, तर १०,४५२ चौरस किलोमीटर, आपला पुणे जिल्हा त्याच्या दीडपट भरेल. एवढ्याशा देशात डझन-दीड डझन पंथ, आणि सत्तेची वाटणी त्या पंथांप्रमाणे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि संसदेत ५ मुस्लिमांमागे ६ ख्रिश्चन. हा सगळा हिशोब १९३२ च्या जनगणनेवर, त्यानंतर जनगणना केलीच नाही कारण आकडे बदललेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कागदावर यायला नको होते. त्यात १९७०-७१ मध्ये जॉर्डनमधून हाकलले गेलेले पॅलेस्टिनी लढवय्ये इथे आले, १९६९ च्या कैरो कराराने त्यांना लेबनॉनच्या जमिनीवरून इस्रायलशी लढायची सूट आधीच मिळालेली होती, म्हणजे देशात दुसरी फौजच उभी राहिली म्हणा ना.

१९७५ च्या हिवाळ्यात सगळं हाताबाहेर गेलं. ६ डिसेंबरला फलांजिस्ट (मॅरोनाइट ख्रिश्चनांचा सशस्त्र पक्ष) लोकांनी बैरुतमध्ये रस्ते अडवून ओळखपत्रं तपासली, ओळखपत्रावर धर्म लिहिलेला असायचा, मुस्लिम दिसला की मारला. जानेवारीत करंतिना या मुस्लिम वस्तीत ख्रिश्चन मिलिशियांनी (खासगी सशस्त्र टोळ्यांनी) कत्तल केली, दोनच दिवसांनी दामूर या ख्रिश्चन गावात पॅलेस्टिनी आणि त्यांच्या साथीदारांनी केली.

आता सीरिया कुठे होता? तर तेव्हा तो डाव्यांच्याच बाजूने होता. त्यांना हत्यारं दमास्कसमधूनच यायची. फेब्रुवारी १९७६ मध्ये सीरियाने मध्यस्थी करून एक कागद घडवून आणला, राष्ट्राध्यक्ष सुलेमान फ्रांजिएने तो १४ तारखेला जाहीर केला, संसदेत निम्मे-निम्मे, मॅरोनाइट राष्ट्राध्यक्षाचे अधिकार थोडे कमी, पण तीन मोठी पदं ज्या पंथांकडे होती त्यांच्याकडेच. मुस्लिमांसाठी आधीपेक्षा नक्कीच बरं डील. पण कमाल जुम्बलातने ते धुडकावलं. हा डाव्यांचा नेता, द्रूझ पंथाचा मोठा जमीनदार आणि त्याच वेळी समाजवादी, भारतात येऊन गेलेला, वेदांत वाचणारा, एकदम वेगळंच रसायन. आणि बघा, द्रूझ असल्यामुळे पंथांच्या त्या वाटणीत तो कधीच ना राष्ट्राध्यक्ष होऊ शकत होता ना पंतप्रधान. निम्मे-निम्मे करून त्याला काय मिळणार होतं? त्याला ती वाटणीच मोडायची होती.

मार्चमध्ये त्याची बाजू जिंकायला लागली. लेबनॉनचं सैन्य पंथांवर फुटलं, बाब्दाच्या राष्ट्राध्यक्षांच्या महालावर तोफगोळे पडले आणि फ्रांजिएला तिथून पळावं लागलं. २७ मार्चला जुम्बलात दमास्कसला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असदला भेटायला गेला, बैठक कित्येक तास चालली. असदने नंतर जुलैच्या भाषणात स्वतःच सांगितलं की मी त्याला थांब म्हणत होतो आणि तो म्हणत होता की हे मॅरोनाइट १४० वर्षं आमच्यावर राज्य करतायत, आता सोक्षमोक्ष लावायचाय. (ही असदची बाजू, जुम्बलातची वेगळी होती, हे लक्षात ठेवून वाचा.)

आणि इथे माझं म्हणणं. शेजारच्या घरात भांडण असलं की आपण विचारतो शेजारी कोणाच्या बाजूचा, पण असदला यातलं कोणीच पूर्ण जिंकलेलं परवडणारं नव्हतं. जुम्बलात आणि पॅलेस्टिनींचा नेता अराफत जिंकले तर दमास्कसच्या दारात एक जहाल, कोणाचंही न ऐकणारं राज्य, जे उद्या स्वतःच्या मर्जीने इस्रायलशी युद्ध काढेल आणि इस्रायल पूर्व लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यातून सीरियाच्या कुशीत येईल, बैरुत ते दमास्कस अंतरच शंभर-सव्वाशे किलोमीटर. आणि ख्रिश्चन हरले किंवा हरायला आले तर ते देश फोडून स्वतःचा तुकडा वेगळा काढतील आणि त्याच्या रक्षणाला इस्रायललाच बोलावतील. दोन्ही रस्ते फिरून एकाच जागी. म्हणून जो जिंकत होता त्याला अडवायचं, मग तो आपला दोस्त का असेना. १९७६ च्या वसंतात जिंकत होते दोस्त. उद्या उलटं झालं असतं तर तोफा उलट वळल्या असत्या, आणि खरंच वळल्या, १९७८ मध्ये याच सीरियन सैन्याने पूर्व बैरुतच्या अश्रफिये या ख्रिश्चन भागावर महिनोनमहिने तोफा डागल्या.

प्रश्न (नागपूरहून एक विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय): जायचंच होतं तर असद वर्षभर कशाची वाट बघत होता? १९७५ मध्येच गेला असता तर एवढी माणसं मेली नसती.

मित्रा, प्रश्न छान आहे पण "जायचंच होतं" हे आपल्याला आज माहितीये, त्याचं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

आधी त्याने माणसं पाठवली. परराष्ट्रमंत्री अब्दुल हलीम खद्दाम बैरुतच्या इतक्या चकरा मारत होता की तो लेबनॉनचाच मंत्री वाटावा. मग धमकी, जानेवारी १९७६ मध्ये खद्दाम बोलून गेला की फाळणीचा प्रयत्न झाला तर लेबनॉन हा सीरियाचाच भाग होता आणि आम्ही तो परत घेऊ. मग दुसऱ्याच्या नावाने फौज, म्हणजे सीरियाच्या ताब्यातली साइका ही पॅलेस्टिनी संघटना आणि पॅलेस्टाइन लिबरेशन आर्मीच्या तुकड्या, कागदावर पॅलेस्टिनी, हुकूम दमास्कसचा. एप्रिलमध्ये थोडे सीरियन रणगाडे सीमेच्या जस्ट आत, मसना नाक्यापर्यंत. तिथे थांबून कोण किती ओरडतंय ते बघितलं. ८ मे ला आपल्या पसंतीचा इलियास सार्किस गोळीबाराच्या आवाजातच पुढचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आणला. आणि एवढं सगळं करूनही जुम्बलात थांबत नाही म्हटल्यावर ३१ मे च्या रात्री आणि १ जूनला सैन्य उघडपणे आत. निमित्त उत्तरेकडच्या अक्कार भागातली कुबय्यात आणि अंदकत ही ख्रिश्चन गावं, त्यांच्यावर हल्ले चालू होते आणि तिथून मदतीची हाक आली होती.

प्रत्येक पायरीवर त्याला परत फिरता आलं असतं, हे मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, पायऱ्या लहान ठेवल्या की प्रत्येक पायरी "एवढंच तर" वाटते.

शिवाय त्याला एक जुनी आठवण होती. सप्टेंबर १९७० मध्ये जॉर्डनचा राजा हुसेन पॅलेस्टिनींना ठोकत होता तेव्हा सीरियाने त्यांच्या मदतीला रणगाडे पाठवले, पण विमानं पाठवली नाहीत, जॉर्डनच्या विमानांनी ते रणगाडे फोडले आणि सीरियाला दोन-चार दिवसांत मागे यावं लागलं. तेव्हा सीरियाचा संरक्षणमंत्री आणि हवाई दलाचा माणूस कोण? हाच असद. शेजाऱ्याच्या भांडणात अर्धवट शिरलं की काय होतं हे त्याने जवळून बघितलेलं, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्याने सत्ता घेतली.

परीक्षेत विचारलं तर १९७५ ची आणखी एक गोष्ट लिही. सप्टेंबरमध्ये इजिप्तच्या सादातने इस्रायलशी सिनाईचा दुसरा करार केला. म्हणजे इस्रायलसमोर सीरिया एकटा पडला. लेबनॉनची काळजी त्याने दहा पटीने वाढली.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): इस्रायल हे सगळं गप्प बसून बघत होता? सीरियाचं सैन्य लेबनॉनमध्ये म्हणजे त्यांच्या डोक्यावरच की.

सुरुवातीला इस्रायल म्हणतच होता की सीरिया आत आला तर आम्हीही येणार, आणि म्हणून अमेरिकाही असदला नको नको म्हणत होती. मग मार्च-एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री किसिंजरच्या लक्षात आलं की असद तर अराफतलाच चेपायला निघालाय, आणि सूर बदलला. अमेरिकेमार्फत निरोपांची देवाणघेवाण झाली, दोघांनी सही केलेला कागद असा नाही, पण समज पक्की: सीरियाने विमानं वापरायची नाहीत, विमानविरोधी क्षेपणास्त्रं आत आणायची नाहीत आणि सैदा या किनाऱ्यावरच्या शहराच्या दक्षिणेला एका रेषेपलीकडे जायचं नाही. यालाच "लाल रेषा" म्हणतात. इस्रायलचा पंतप्रधान राबिनचं सरकार मग गप्प बसलं. बसेल नाही तर काय, आपलं काम दुसरा करतोय, तेही फुकटात.

याचा एक वाकडा परिणाम मात्र झाला. सीरिया त्या रेषेच्या खाली जाईना म्हणून दक्षिण लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनी लढवय्यांना मोकळं रान मिळालं, आणि १९७८ ला व परत १९८२ ला इस्रायल आत आला तो त्याच कारणाने.

खरा राग मॉस्कोत होता. सोव्हिएत रशिया असदचा शस्त्रपुरवठादार आणि जुम्बलात-अराफतचाही मित्र. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन दमास्कसच्या दौऱ्यावर आला तो नेमका १ जूनला, म्हणजे पाहुणा दारात आणि रणगाडे मागच्या दाराने बाहेर. इराकने सीरियाच्या सीमेवर फौज आणून ठेवली. सादातने शिव्या घालायची संधी सोडली नाही. थोडक्यात, दोस्त चिडले आणि दुश्मन खूश, असदला त्या उन्हाळ्यात झोप लागत असेल असं वाटत नाही.

प्रश्न (कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षक): असद अलवी पंथाचा, सीरियात अल्पसंख्य. लेबनॉनमधले मॅरोनाइटही अल्पसंख्य. अल्पसंख्य अल्पसंख्याच्या मदतीला धावला, एवढंच साधं आहे हे. आपण उगाच बेका खोरं वगैरे सांगता.

सर, नमस्कार. त्या वेळी सीरियातले मुस्लिम ब्रदरहूडवाले (असदची विरोधक इस्लामी संघटना) अगदी हेच बोलत होते, की हा अलवी माणूस ख्रिश्चनांसाठी मुसलमानांना मारतोय. आणि त्या बोलण्याला लोक भुलले हे खरं. ऑगस्ट १९७६ मध्ये तेल अल-जातार ही पॅलेस्टिनी छावणी ख्रिश्चन मिलिशियांनी दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतली, हजारावर माणसं मेली, आणि सीरियन सैन्य दुसरीकडे डाव्यांना गुंतवून बसलेलं, हे चित्र सगळ्या अरब जगाने पाहिलं. त्याच वर्षापासून सीरियात सरकारी माणसांच्या हत्या सुरू झाल्या, १९७९ मध्ये अलेप्पोच्या तोफखाना शाळेत कॅडेट मारले गेले, आणि १९८२ च्या फेब्रुवारीत असदने हमा शहर चिरडलं. लेबनॉन हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण ठिणग्यांपैकी एक नक्कीच.

पण तुमचं गणित मला दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे असद अल्पसंख्य होता म्हणूनच हा निर्णय त्याच्यासाठी जास्त धोक्याचा होता, आपल्याच घरातल्या बहुसंख्य सुन्नींना चिडवून कोण पंथाच्या प्रेमापोटी युद्धात उतरेल? आणि दुसरं, पंथ हेच कारण असतं तर १९७८ मध्ये अश्रफियेवर आणि १९८१ मध्ये जाहले या ख्रिश्चन शहरावर त्याच माणसाने तोफा लावल्या नसत्या. पंथ होता, पण मला विचाराल तर तो भीती वाढवणारा होता, दिशा ठरवणारा नाही. तरी तुम्हाला पटलं नाही तर परत लिहा, मला वाद आवडतो.

प्रश्न (दुबईहून एक मराठी वाचक): राष्ट्राध्यक्षानेच बोलावलं असेल तर तो हल्ला कसा? कायदेशीरच झालं की.

कोणी बोलावलं आणि कोणाच्या वतीने, हा घोळ आहे तिथे. सीरियाचा दावा होता की लेबनॉनमधूनच बोलावणं आलं. पण फ्रांजिए तेव्हा कोणाचा राष्ट्राध्यक्ष होता? महालातून पळालेला, सैन्य फुटलेलं, संसदेतल्या बहुतेकांनी राजीनामा मागितलेला. वर तो असद घराण्याचा जुना दोस्त, १९५७ मध्ये उत्तरेत एका चर्चमधल्या गोळीबारानंतर तो सीरियातच लपला होता. असं बोलावणं आणणं अवघड नसतं.

शिक्का खरा बसला तो नंतर. जूनमध्ये सैदा आणि सोफरपाशी सीरियन सैन्याला चांगलाच मार बसला, उन्हाळाभर रखडपट्टी, मग सप्टेंबरअखेर जोर लावून डोंगरातून डाव्यांना मागे रेटलं आणि ऑक्टोबरमध्ये सौदीने रियाधला सगळ्यांना एका टेबलावर बसवलं: असद, सादात, अराफत, सार्किस. ठरलं काय, तर ३०,००० ची "अरब प्रतिबंधक फौज" लेबनॉनमध्ये राहील, नावाला लेबनॉनच्या राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली. त्यातले बहुतेक सैनिक सीरियनच, जे आधीच आत होते. म्हणजे बिल्ला बदलला, माणसं तीच, आणि खर्चाला आखातातले पैसे. बाकी देशांच्या छोट्या तुकड्या दोन-तीन वर्षांत घरी गेल्या.

कायद्याच्या पुस्तकात हे बसवता येतं, नाही असं नाही. मला स्वतःला ते आधी घुसून मग भाडेकरार केल्यासारखं वाटतं.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक ताई): हे वाचताना मला सारखं श्रीलंका आठवतंय. आपली शांतिसेना पण अशीच गेली होती ना?

ताई, आठवणारच. आपण तमिळांचे पाठीराखे म्हणून त्या भांडणात ओळखले जात होतो, २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, आणि ऑक्टोबरमध्ये आपलं सैन्य तमिळ टायगर्सशीच लढत होतं. साधारण १,२०० भारतीय जवान गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबर १९८७ मध्ये तिथेच गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दोस्तावरच बंदूक धरायची वेळ, इथपर्यंत सारखं. पण तिथला वाद पंथाचा कमी आणि भाषेचा-वंशाचा जास्त, आपण आधी लेखी करार करून गेलो, आणि नव्या राष्ट्राध्यक्षाने जा म्हटल्यावर मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली. पावणेतीन वर्षं. सीरिया २९ वर्षं राहिला. हा फरक लहान नाही.

प्रश्न (अमरावतीहून एक वाचक): गोल गोल नको. असदचा निर्णय चूक की बरोबर?

लेबनॉनच्या बाजूने मोजलं तर चूक. जे जे टाळायला तो आत गेला ते सगळं झालं: ख्रिश्चन मिलिशिया इस्रायलकडे गेल्याच, देश पंधरा वर्षं तुकड्यांत राहिलाच, इस्रायली सैन्य १९८२ मध्ये बैरुतपर्यंत आलंच. जुम्बलात मार्च १९७७ मध्ये गाडीत गोळ्या घालून मारला गेला, संशय सीरियावर. आणि युद्ध मिटवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारात शेवटी काय मिळालं, संसदेत निम्मे-निम्मे आणि राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी! म्हणजे बरंचसं तेच जे फेब्रुवारी १९७६ च्या त्या कागदात होतं, मध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं गेली. हे वाचून माझा राग असदवर कमी आणि जुम्बलातवर जास्त असतो कधीकधी, आणि मग परत आठवतं की त्याला त्या कागदात जागाच नव्हती.

दमास्कसच्या बाजूने मोजलं तर असद जिंकला, कारण १९९० ला युद्ध संपलं तेव्हा लेबनॉनमध्ये त्याच्या मर्जीशिवाय मंत्री बदलत नव्हता. तुम्ही गोल नको म्हणालात, पण शेजारी देश स्वतःसाठी आत जातो, मग मार्कही त्याच्याच पेपरवर द्यावे लागतात.

प्रश्न (बेळगावहून एक वाचक, पोस्टकार्डावर एकच ओळ): सीरियाचं सैन्य बाहेर कधी पडलं आणि त्यांची बैरुतमध्ये वकिलात आहे का?

लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी १४ फेब्रुवारी २००५ ला बॉम्बस्फोटात मारले गेले, लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि २६ एप्रिल २००५ ला शेवटचा सीरियन सैनिक सीमेपलीकडे गेला. वकिलातीचं विचारलंत ते भारी केलंत, कारण १९२० मध्ये फ्रेंचांनी "मोठा लेबनॉन" वेगळा काढला हे सीरियाने मनातून कधी मानलंच नव्हतं, त्यामुळे दोन देशांत वकिलातीच नव्हत्या. सैन्य २९ वर्षं ठेवलं, राजदूत मात्र नाही. राजनैतिक संबंध सुरू झाले ते २००८ मध्ये, सैन्य गेल्यावर तीन वर्षांनी.

(सायप्रस आणि तुर्कस्तानबद्दल तीन पत्रं आलीत, ती पुढच्या अंकात घेतो.)